वांझ फूल
(लोहारा तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



मला आज आरोग्यावर बोलायला सांगितलं आहे. मी दुधीपासून सुरुवात करते, कारण आमच्या गटात हा विषय दुधीच्या वेलीवरूनच निघाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याकडची कितीतरी गावं नव्या जागी वसली. जुनी दाटी गेली, घरामागे थोडी मोकळी जागा आली. मोरीचं पाणी वळवलं की तिथे दोडका, दुधी, कारलं होतं. पुढे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने आपल्या जिल्ह्यात बायकांच्या एक एकर शेतीचं काम उभं केलं. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं. पण तो एकर घरच्यांकडून मागून घ्यावा लागतो. परसातला मांडव कुणाला न विचारता घालता येतो, म्हणून मला तो जास्त आवडतो.

गटातल्या एकीच्या मांडवावर दुधी चढला. फुलं भरपूर, फळ एक नाही. शेजारीण म्हणाली, "वांझ हाय गं, उपटून टाक." त्या घरात हा शब्द आधीच मुक्कामाला होता. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही, आणि सासू मुलासाठी दुसरी मुलगी बघत होती.

तिने वेल उपटली नाही. आम्ही रोज फुलं बघायचं ठरवलं. बारीक लांब देठाचं, मागे काहीच नसलेलं फूल ते नर. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी उमलण्याआधीच असतो. दुधीच्या वेलीवर आधी नर फुलं येतात, मादी फुलं मागाहून. म्हणजे आपण ज्याला 'वांझ फूल' म्हणतो ते नर फूल! नराला हा शब्द लावलेला मी आजवर एवढा एकदाच ऐकला आहे.

पुढे मादी फुलं आली, तर इवले दुधी पिवळे पडून गळायला लागले. पुन्हा बोल वेलीलाच. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. रात्रीचे पतंग पराग इकडून तिकडे नेतात. ते फिरकले नाहीत तर बिचारी वेल काय करणार? तेव्हा एका संध्याकाळी तिने ताजं नर फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मधला भाग मादी फुलाला हलकेच टेकवला. अशा तीन फुलांना खुणेचा दोरा बांधला. दोऱ्याचे दुधी वाढले, बाकीचे गळाले.

१६९४ साली जर्मनीत कामेरारियस नावाच्या वैद्याने याच्या उलट करून पाहिलं होतं. एरंडाची नर फुलं उमलण्याआधी काढली, तर बी धरलंच नाही. एरंड आपल्याही बांधावर आहे, कुणालाही करून बघता येईल.

बाप बी आणि आई शेत, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. लीला दुबे यांनी १९८६ च्या एका लेखात या उपमेची चिरफाड केली आहे. पीक आलं तर मालकी बीवाल्याची, नाही आलं तर शेत नापीक! पण पराग म्हणजे बी नव्हे. बीजांड मादी फुलाच्या पोटात असतं, पराग बाहेरून येतो, आणि बी दोघांचं मिळून होतं. म्हणजे ही उपमा शेतातसुद्धा टिकत नाही.

हे ऐकून गटातली एक आजी उसळलीच. "मग बाई काय दुधी हाय का? फळ धरलं तरच मांडवावर ठिवायची?" तिचं म्हणणं मला मान्य आहे. वेलीचा दाखला इथपर्यंतच.

आता तपासणीचं. मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही कारण असतं. वीर्याची तपासणी सोपी, काही टोचावं-कापावं लागत नाही. तरी या बाईची पिशवी दोनदा साफ करून झाली होती, नवस झाले होते, आणि नवऱ्याची तपासणी एकदाही नव्हती. पहिली बायको नांदत असताना दुसरी करणं हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून गुन्हा आहे, हेही त्या घरात कुणी बोललं नव्हतं.

तिने नवऱ्याला मांडवाखाली नेऊन दोरे दाखवले. तो हसला. दोन महिने टाळाटाळ झाली. मग गेला, तेही सोलापूरला, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. रिपोर्टमध्ये काय आलं ते त्या दोघांना माहीत, मी विचारलेलं नाही. सासूने मुली बघणं थांबवलं आहे, निदान सध्या तरी.

तपासणी कुठे होते, आधी किती दिवस काय पाळायचं, हे मी जेवणानंतर त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी सांगणार आहे. नवऱ्याला बरोबर आणलं असेल तर त्यालाही घेऊन या. दुधीचं बीही तिथेच ठेवलं आहे.