सहाजणांचा संघ

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ खेळात राक्षसी जीवांची झुंज असते. स्पर्धेला सहा जीव आणावयाचे, त्यांतले चार निवडून जोडीजोडीने लढवावयाचे. आगीला पाणी भारी, पाण्याला झाडोरा, झाडोऱ्याला आग. असे अठरा प्रकार! पोरे सहाही बलदंड निवडतात. आम्हांस ते पटत नाही. संपसमितीत सारे वक्तेच घेतले, तर वर्गणी कोण गोळा करील?

२०१४ च्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू ही चिमुकली खार उतरविली. त्याचा ग्याराडोस जबरदस्त, पण विजेपुढे दुबळा. खार साथीदारावरचे घाव स्वतःवर ओढून घेई. विजेचा घाव तर पचवून ताजीतवानी होई! तोवर साथीदार मोकळेपणी लढे. पार्क जगज्जेता ठरला.