आधी निरीक्षण, मग अनुमान
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं, "अमेरिकेतल्या अनुभवांवर दहा मिनिटं बोल." सकाळपासून तुमची मनोगतं ऐकते आहे. कुणी कारखाना उभा केला, कुणी शेती फुलवली. मी मात्र एका म्हाताऱ्या सरड्याबद्दल बोलणार आहे. हसा, हरकत नाही. घरचेही हसतात.

आमच्याकडे, मिशिगनमध्ये, एक 'बिअर्डेड ड्रॅगन' आहे. शाळेच्या कुंपणावर मान वरखाली करणारा सरडा आठवतो ना, त्याच्याच कुळातला हा, पण शेपटीसकट जवळजवळ दोन फूट लांब. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातला. चिडला किंवा दुखलंखुपलं की गळा फुगवतो आणि तो काळा पडतो, अगदी दाढीसारखा. म्हणून त्याचं नाव 'बुवा'. मुलीनं सातवीत असताना हट्टानं आणला, आणि कॉलेजला जाताना माझ्या गळ्यात घालून गेली. साधारण दहा वर्षं आयुष्य असतं. गेल्या हिवाळ्यात बुवा नऊ वर्षांचा होता.

डिसेंबरात त्यानं खाणं कमी केलं. दिवस दिवस कोपऱ्यात पडून राहायचा. दिव्याखालच्या दगडावर चढेना. नवरा म्हणाला, "डॉक्टरांना दाखवूया का?" मी म्हटलं, "वय झालं त्याचं. शिवाय थंडीत हे झोपतातच." त्यात खोटं काही नव्हतं. हे प्राणी हिवाळ्यात खरंच आठवडेच्या आठवडे झोपतात. त्यामुळेच मी निश्चिंत राहिले.

नाताळच्या सुट्टीत मुलगी आली. तिनं त्याला उचललं आणि म्हणाली, "आई, हा हलका लागतोय." मी भाजणी मोजायचा काटा काढला. ३६५ ग्रॅम. उन्हाळ्यात डॉक्टरांकडे ४७० भरला होता, कागद फ्रिजवरच लावलेला होता. शंभराहून जास्त ग्रॅम कमी, म्हणजे पाचवा हिस्सा गेला होता, आणि मी रोज त्याला बघत होते!

तेव्हा मला आपल्या सायन्सच्या बाई आठवल्या. प्रयोगवहीत 'कृती, निरीक्षण, अनुमान' असे रकाने असायचे. प्रयोग न करताच आपण शेजारच्या वहीतून अनुमान उतरवायचो, आणि बाई त्यावर लाल रेघ मारायच्या. 'वय झालं' हे माझं असंच उतरवलेलं अनुमान होतं. निरीक्षणाचा रकाना कोरा होता.

त्या रात्री मुलीनं आणि मी तो भरला. निरोगी सरडा हिवाळ्यात झोपला तरी त्याचं वजन फारसं घटत नाही. याचं घटलं होतं. डोळे खोल गेले होते. विष्ठेतला पांढरा भाग मऊ असायला हवा. तो पिवळट आणि घट्ट होता, म्हणजे अंगात पाणी कमी. पुढच्या पंजाचे सांधे सुजलेले होते. तो दगडावर चढत नव्हता, कारण त्याला चढताना दुखत होतं. मग पिंजऱ्याची तपासणी केली. दिव्याखाली ४० अंशांच्या आसपास तापमान हवं, ते होतं. पण अतिनील किरणांची नळी दोन वर्षं बदललीच नव्हती. ती वर्षभराच्या आत बदलावी लागते. उजेड पडत राहतो, पण किरण कमी होत जातात, आणि ते डोळ्यांना कळत नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टर चाळीस मैलांवर होत्या. बर्फातून जाताना मुलीनं त्याला गरम पाण्याच्या पिशवीजवळ टॉवेलात गुंडाळून धरलं होतं. शेपटीतून रक्त काढलं, एक्स-रे झाला. मूत्रपिंडं थकली होती, युरिक अ‍ॅसिड वाढून सांध्यांत साचलं होतं. गाऊट! आपल्या वयाच्या मंडळींना नाव ओळखीचं असेल. मी लाडानं जास्त किडे खाऊ घालत होते. मोठ्या वयात त्यानं प्रामुख्यानं पाला खायला हवा.

डॉक्टर म्हणाल्या, "हे पूर्ण बरं होणार नाही, पण त्याचं दुखणं आपण कमी करू शकतो." कातडीखाली सलाईन दिलं. युरिक अ‍ॅसिड कमी करणारं आणि वेदनेचं, अशी दोन औषधं थेंबाथेंबानं मोजून सुरू केली. आपल्या घरातली वेदनाशामक गोळी कधीही द्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. अंग गार असताना बळजबरीनं भरवायचं नाही, कारण ऊब नसेल तर त्याला पचत नाही. आम्ही उंच दगड काढून उताराची फळी लावली, नळी बदलली. रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी त्याच्या खांद्याच्या खाली. आणि दर रविवारी वजन, वहीत तारखेसह.

तिसऱ्या आठवड्यात तो फळीवरून हळूहळू वर चढला आणि दिव्याखाली डोळे मिटून बसला. मी ऑफिसला उशिरा गेले त्या दिवशी.

हे प्राणी आजार लपवतात. रानात अशक्त दिसणारा आधी मारला जातो, म्हणून ते शेवटपर्यंत काही दाखवत नाहीत. माणसंही लपवतात. माझी आई फोनवर म्हणायची, "हे हल्ली जिना चढायचं टाळतात गं." आणि मी तिकडून म्हणायचे, "वय झालं आई बाबांचं." बाबांच्या बाबतीत वही उघडायला मला उशीर झाला. त्याबद्दल आज जास्त बोलणार नाही.

तुमच्यापैकी कुणी सरडा पाळेल असं वाटत नाही. पण घरात म्हातारं कुत्रं असेल, मांजर असेल, आईवडील असतील. 'वय झालं' हे कुठल्याच आजाराचं नाव नाही. ते म्हणण्याआधी एकदा काटा काढा, पाय बघा, काय खाल्लं ते लिहून ठेवा.

आज रविवार. सकाळीच नवऱ्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. त्यात फक्त एक आकडा आहे, ४१२. घरी गेल्यावर वहीत लिहायचाय.