वाळलेल्या मोसंबीचे बुडखे



सन २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. आमच्या सासूबाईंनी हाताने लावलेली झाडेही उपटावी लागली. त्यांतले काही बुडखे मात्र मी सरपणात जाऊ दिले नाहीत. इंग्लंडात बिडल्फ ग्रेंज येथे १८५६ च्या सुमारास झाडांचे बुडखे रचून त्यांत नेचे लावले होते. तशीच लहानशी बाग मी परसात केली.

कृती सोपी आहे. कडुलिंबाच्या सावलीत, भिंतीपासून चार हात दूर, दगडगोट्यांचा थर द्यावा. त्यावर बुडखे मुळ्या वर करून रचावेत; मातीत पुरल्यास वाळवी लवकर लागते. फटींत पालापाचोळ्याचे खत व माती भरून पावसाळ्याच्या आरंभी नेचे लावावेत. रोपवाटिकेत यांनाच फर्न म्हणतात. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी घालावे, साबणाचे नको. वैशाखात वर ओले गोणपाट धरावे. बुडखा कुजू लागला की स्पंजासारखी ओल धरतो आणि शेवटी नेच्यांचेच खत होतो.

सासूबाई आता सकाळची भाजी तिथेच बसून निवडतात. ज्या भगिनींच्या दारी असे बुडखे पडून असतील, त्यांनी ते जाळू नयेत. मृगाचा पाऊस पडला की आमच्याकडून नेच्याचे रोप अवश्य न्यावे.