कुलदोष की पितळेचे पातेले ?

(रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा असता यकृत कठीण होऊन गेला. त्यापूर्वी बहीणही तशीच गेली होती. आजीने कुलदोष म्हणून आईचे माहेर काढले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह १९८३ साली निराळे कारण पुढे मांडले : तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेले, साठविलेले दूध. त्यातील तांबे अर्भकाच्या यकृतात साचते. आनुवंशिकतेचाही काही अंश असावा, असे संशोधक मानतात. पितळेत ताक कळकते हे आपल्या आयाबहिणींस ठाऊक होते. दुधाचे मात्र कोणास सुचले नाही. हे वृत्त मी आईस वाचून दाखविले. तिने माळ्यावरचे पातेले काढून मोडीत घातले.