शहरात बिऱ्हाड करताना

मंडळी, आपल्या गावची मुले कामासाठी पुण्याला जातात. पुढे बायकामुलांना नेतात. मग खोली कोठे घ्यायची?

आम्हीही मुलासाठी खोली पाहायला गेलो होतो. आंबिल ओढ्याच्या काठी एक खोली होती. भाडे कमी. दिवस उन्हाळ्याचे. अहो, ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता! आम्ही विसार देणार, तोच शेजारच्या म्हातारीने भिंतीवर बोट ठेवले. छातीइतक्या उंचीवर पाण्याची जुनी रेघ होती. ती म्हणाली, "बाबा, पावसाळ्यात येऊन बघा." आम्ही परत फिरलो.

पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याला पूर आला. पाणी घरांत शिरले, माणसे दगावली. आम्ही म्हातारीला शोधत गेलो. ती एका शाळेच्या ओट्यावर बसली होती, ओल्या लुगड्यात.

तर खोली एकदाच पाहून भागत नाही. पहाटे नळावर जा. पाणी किती वाजता येते, ते घरमालकाला नव्हे, तिथल्या बायांना विचारा. रात्री जा, दिवे आहेत का, दारूचा गुत्ता जवळ आहे का, ते कळते. शिधापत्रिका बरोबर न्या.

शाळा पायी जाण्याजोगी हवी. आमच्या नातीला 'दाखला आणा' म्हणून परत पाठवले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाचा प्रवेश दाखल्यासाठी अडवता येत नाही. आम्ही तसे शांतपणे सांगितले. तिसऱ्या दिवशी पोर वर्गात बसली.