विमानाचे पेट्रोल : साठा आणि शिल्लक

मोटारीतले पेट्रोल वाटेत संपले, तर फार तर चालकाचा खोळंबा होतो. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, कोणीतरी डबा घेऊन जवळच्या पंपाकडे जातो आणि तासा-दोन तासांत प्रवास पुन्हा सुरू होतो. एका इंजिनाच्या लहान विमानाला ही सवड नसते. इंजिन थांबताच विमान दगडासारखे कोसळते असे नाही. ते तरंगत, घसरत खाली येते आणि सपाट, मोकळी जागा आवाक्यात असली तर कसलेला वैमानिक ते सुखरूप उतरवूही शकतो. परंतु खाली अरण्य किंवा समुद्र असला, अथवा रात्र पडलेली असली, तर ती संधीही बहुधा उरत नाही. म्हणून दूरच्या उड्डाणाचा विचार करणाऱ्यापुढे दोन प्रश्न नेहमी जोडीने उभे राहतात. अधिक पेट्रोल बरोबर कसे न्यावे, हा पहिला. आणि नेलेल्यापैकी किती शिल्लक आहे हे कसे ओळखावे, हा दुसरा. पहिला प्रश्न माणसाने लवकर सोडवला. दुसरा दिसायला अगदी किरकोळ; पण तो आजही पुरता सुटलेला नाही. शिवाय पहिल्याचे उत्तर जितके मोठे, तितका दुसरा अधिक बिकट होत जातो.

चार्ल्स लिंडबर्ग याचे १९२७ सालच्या मे महिन्यातील न्यूयॉर्क ते पॅरिस हे एकट्याचे उड्डाण सर्वांना परिचित आहे. त्याच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या विमानात सुमारे १७०० लिटर पेट्रोल होते. भरलेल्या विमानाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक वजन या पेट्रोलाचे. सर्वांत मोठी टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच बसवलेली असल्यामुळे त्याला समोरचे काही दिसत नसे. बाजूच्या खिडकीतून आणि एका लहानशा आरशाच्या नळीतून तो पाहत असे. पाच टाक्यांतून इंजिनाकडे पेट्रोल सोडण्यासाठी तोट्या होत्या. परंतु टाकीत किती उरले हे दाखवणाऱ्या काट्यावर त्याने भिस्त ठेवली नव्हती. कोणत्या टाकीवर किती तास इंजिन चालले, याच्या पेन्सिलीच्या रेघा तो समोरच्या फळीवर ओढत गेला. दुकानदाराने उधारीच्या रेघा भिंतीवर ओढाव्यात, तसाच हा प्रकार. साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला, तेव्हा टाक्यांत सुमारे ३२० लिटर पेट्रोल शिल्लक होते. त्याच्या साहसाची वाखाणणी जगाने केली. पण त्या साहसाच्या मुळाशी घड्याळ आणि पेन्सिल यांचा हा साधा जमाखर्च होता, हे सहसा सांगितले जात नाही.

मोठी टाकी म्हणजे निर्धास्त प्रवास नव्हे, याचा दाखला तीनच वर्षांनी हिंदुस्थानच्या भूमीवर मिळाला. १९३० सालच्या मे महिन्यात एमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी ‘जेसन’ नावाच्या आपल्या जिप्सी मॉथ विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे एकटीच निघाली होती. विमानात जादा टाक्या बसवलेल्या होत्या आणि त्यांतील पेट्रोल हातपंपाने वरच्या पंखातील टाकीत चढवावे लागे. कराचीहून अलाहाबादकडे येताना समोरून वारा लागला. टाक्या भरून निघालेल्या त्या विमानाचे पेट्रोल अलाहाबाद गाठण्यास अपुरे पडणार, असे दिसू लागले आणि तिला झाशीच्या लष्करी छावणीतील कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. यातला हिशेब समजण्यास कठीण नाही. ताशी १६० किलोमीटर वेगाचे आणि नऊ तासांचे पेट्रोल घेतलेले विमान शांत हवेत १४४० किलोमीटर जाईल. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असला, तर तेच विमान तेवढ्याच पेट्रोलात १०८० किलोमीटरच कापील. टाकी तास देते. त्या तासांचे किती कोस होणार, ते वारा ठरवतो. म्हणूनच जाणता वैमानिक पेट्रोल कोसांत मोजत नाही आणि लिटरांतही मोजून थांबत नाही. तो ते तासांत व मिनिटांत मोजतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले. त्यांनी दुसरी वाट धरली होती. ते वाटेत अहमदाबादला उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणून टाकी भरण्यात आली आणि मग विमान जुहूला पोचले. वाटेत उतरून भरणे हा मोठ्या टाकीला उत्तम पर्याय होता. मात्र समुद्र किंवा वाळवंट ओलांडावयाचे असेल, तेथे बैलगाडी पोचत नाही आणि मोठ्या टाकीवाचून गत्यंतर राहत नाही.

आता टाकीतील पेट्रोल मोजणे इतके अवघड का, ते पाहू. पाण्याच्या हौदात काठी बुडवून पातळी कळते, कारण हौद स्थिर असतो आणि त्याचा तळ सपाट असतो. लहान विमानाची टाकी बहुधा पंखाच्या पोकळीत असते. ती लांब, रुंद आणि उथळ असते, पंखाप्रमाणे किंचित तिरपी असते, आणि विमान वळले, चढले किंवा हेलकावले की आतील पेट्रोल एका बाजूस धावते. उथळ ताटातील पाण्याची पातळी बोटभर बदलली तर त्यात बरेच पाणी येते; तसेच येथेही होते. पातळीतील अल्पशी चूक म्हणजे कितीतरी लिटरांची चूक.

अमेरिकेतील प्रसिद्ध पायपर कब विमानात यावर साधी युक्ती होती. इंजिनामागील टाकीत बुचाचा एक तुकडा तरंगत असे आणि त्याला जोडलेली तार टाकीच्या झाकणातून बाहेर डोकावत असे. तार खाली जाऊ लागली की पेट्रोल उतरू लागले, असे समजावयाचे. पुढे तरंगत्या गोळ्याच्या दांड्याला विजेचा रोधक जोडून समोरच्या फळीवर काटा फिरवण्याची पद्धत आली. तिच्यात दांडा अडकणे, तार सैल होणे, रोधक झिजणे असे दोष संभवतात. त्याहून नव्या पद्धतीत टाकीत दोन नळ्या एकीत एक उभ्या केलेल्या असतात. त्यांच्यामध्ये हवा आहे की पेट्रोल, यानुसार त्यांची विद्युत्‌धारकता बदलते आणि त्यावरून पातळी काढली जाते. हिच्यात हलणारे भाग नसतात. पण टाकीत पाणी शिरले तर तिचेही माप चुकते.

यात आणखी एक मेख आहे. टाकीत असलेले सगळे पेट्रोल इंजिनाला मिळतेच असे नाही. तळाशी, कोपऱ्यांत काही भाग असा राहतो की जो नळीच्या तोंडाशी येईलच याची खात्री देता येत नाही. त्याला निरुपयोगी इंधन म्हणतात. विमानाचा इंधनकाटा समतल उड्डाणात हे निरुपयोगी इंधन तेवढे उरले असता शून्य दाखवील असा जुळवलेला असावा, असा अमेरिकेतील नियम आहे. सेस्ना १५० हे दोन आसनी विमान याचे चांगले उदाहरण ठरेल. त्याच्या साध्या टाक्यांत सुमारे ९८ लिटर पेट्रोल मावते, पण उपयोगी पडते ८५ लिटर. लांब पल्ल्याच्या टाक्यांत सुमारे १४४ लिटर मावते आणि उपयोगी पडते १३२. इंजिन ताशी सुमारे २२ लिटर पेट्रोल खाते असे धरले, तर पहिल्या विमानाला चार तासांहून किंचित कमी, आणि दुसऱ्याला सहा तास मिळतात. निरुपयोगी तेरा लिटर जमेस धरणारा मनुष्य अर्ध्या तासाहून अधिक चुकतो. एका विमानाची सवय असलेला मनुष्य तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या विमानात बसला आणि टाक्या कोणत्या आहेत हे त्याने विचारले नाही, तर ही चूक दोन तासांवर जाते.

मग लांब पल्ल्याच्या टाक्या काठोकाठ भरूनच का निघू नये? उत्तर वजनात आहे. पेट्रोलाचे वजन लिटरला सुमारे ७२० ग्रॅम; १३२ लिटर म्हणजे ९५ किलो. दोन धडधाकट माणसे आणि सामान घेतले, तर भरलेल्या टाक्यांनिशी लहान विमानाचे वजन मर्यादेबाहेर जाते. तेव्हा टाकी अर्धी किंवा पाऊण भरून निघणे भाग पडते. आणि अनिश्चितता नेमकी तेथेच सुरू होते. काठोकाठ भरलेली टाकी डोळ्यांना कळते. रिकामी टाकी इंजिन कळवते. मधल्या अवस्थेत मात्र मोजणीवाचून इलाज नसतो. लांब पल्ल्याची टाकी माणसाला या मधल्या अवस्थेत वारंवार नेऊन ठेवते.

ही मोजणी करणारे चार साक्षीदार आहेत, आणि प्रत्येकाच्या दृष्टीत काही उणीव आहे. पहिला साक्षीदार मोजपट्टी. मालमोटारीचे चालक डिझेलच्या टाकीत काठी बुडवून पाहतात, तशीच ही रीत. विमान जमिनीवर सपाट उभे असताना ती खरे सांगते. पण एका विमानासाठी आखलेली पट्टी दुसऱ्या विमानात घातली तर ती खोटे बोलते, आणि उड्डाणानंतरचे तिला काहीच कळत नाही. दुसरा साक्षीदार घड्याळ. ते कधी दमत नाही. परंतु ताशी खप किती, हे त्याला वैमानिकाने सांगावे लागते, आणि उंचीनुसार हवा व पेट्रोल यांचे प्रमाण नीट राखले नाही तर तो खप बराच वाढतो. तिसरा साक्षीदार इंधनकाटा. त्याचे बोलणे मोघम असते. पण आता टाकीत काय आहे हे पाहणारा तोच एकटा. चौथा साक्षीदार अलीकडचा : इंजिनाकडे जाणारे पेट्रोल मोजणारे प्रवाहमापक यंत्र. ते फार काटेकोर असते. तरी आरंभी टाकीत किती होते, हे त्याला माणसानेच सांगावयाचे असते. टाकीचे झाकण सैल राहिले, तर पंखावरील कमी दाबामुळे पेट्रोल शोषले जाऊन हवेत उडून जाते. त्या गळतीचा या यंत्राला पत्ताही लागत नाही. ते बिनचूक आकडा दाखवत राहते, आणि टाकी रिकामी होत राहते.

टाक्यांची संख्या वाढली की तोट्या आणि नळ्या वाढतात आणि त्यांच्यामागून चुकीच्या नव्या जागा येतात. काही इंजिनांत पंपाने आणलेले जादा पेट्रोल एका ठरावीक टाकीत परत सोडले जाते. ती टाकी आधीच भरलेली असून वैमानिक जादा टाकीवर इंजिन चालवीत असला, तर परत येणारे पेट्रोल हवानळीतून बाहेर सांडते. म्हणून मुख्य टाकी काही काळ वापरून तीत जागा करावी आणि मगच जादा टाकीकडे वळावे, असा दंडक असतो.

तोटी कोठे बसवावी, हा प्रश्नही किती मोलाचा आहे, ते १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे दिसून आले. लोकप्रिय अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझेड जातीचे घरबांधणीचे विमान समुद्रात कोसळून त्यांचा अंत झाला. त्या विमानाच्या बांधणाऱ्याने टाकी बदलण्याची तोटी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. पेट्रोल दाखवणाऱ्या काचा मागच्या बाजूस होत्या आणि त्यांवर खुणा नव्हत्या. त्या पाहता याव्यात म्हणून निघताना एका तंत्रज्ञाने त्यांना लहानसा आरसा दिला होता. पेट्रोल भरून न घेताच ते निघाले. मागे वळून तोटी फिरवण्याच्या प्रयत्नात विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या चौकशी मंडळाने काढला. आणि पेट्रोल न भरणे, तोटीची अवघड जागा, खुणा नसलेल्या काचा व त्या विमानाचा अपुरा सराव यांचाही निर्देश केला. विमानतळावरील पाच-दहा मिनिटांचे काम टळले, आणि त्याची किंमत अशी द्यावी लागली.

याच्या उलट, न जुळणाऱ्या हिशेबाकडे जागरूकपणे पाहिल्याचे उदाहरण ‘व्हॉयेजर’ विमानाचे आहे. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी या विमानातून, वाटेत कोठेही न उतरता आणि पेट्रोल न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. विमानात १७ टाक्या होत्या आणि उड्डाणाच्या वेळी एकूण वजनापैकी सुमारे ७२ टक्के वजन इंधनाचे होते. वाटेत नोंदवहीतील शिल्लक आणि विमानाचे प्रत्यक्ष वागणे यांचा मेळ बसेना. तेव्हा नळीतून काही इंधन उलट वाहून टाकीत परत जात आहे, असे आढळले. एकच इंधन दोनदा खर्ची पडत होते. ते उतरले तेव्हा सुमारे ४८ किलो इंधन शिल्लक होते. आरंभीच्या साठ्याच्या शेकडा दीड इतके. एवढ्या अरुंद फरकाने पार पडलेल्या प्रवासात नोंदवहीचे मोल इंजिनाहून उणे नव्हते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. विमानाच्या बाबतीत अडचण इतकीच की, अंथरूण धड दिसत नाही. म्हणून उड्डाणाचे नियम शेवटचा तुकडा राखून ठेवावयास सांगतात. अमेरिकेत नजरेच्या आधाराने उडणाऱ्या विमानाने मुक्काम गाठल्यावरही दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटे पुरेल इतके पेट्रोल उरेल असे नियोजन करावे, असा नियम आहे. जाणते वैमानिक स्वतःसाठी याहूनही अधिक, पुरता एक तास, राखतात. राखलेला हा तास वाटेत खर्च करण्यासाठी नसतो. मोजणीत राहून गेलेल्या चुकांची ती भरपाई असते.

तथापि नियमापेक्षाही कठीण असते ते मनाचे वळण. पट्टी, घड्याळ, काटा आणि यंत्र यांचा ताळा जुळत असला तर पुढे जावे. परंतु एकाचेही म्हणणे इतरांशी जुळेनासे झाले, तर सोयीचा साक्षीदार खरा मानण्याचा मोह होतो. मुक्काम समोर असतो, घरी कोणी वाट पाहत असते, आणि काटाच बिघडला असेल असे म्हणणे सोपे असते. अशा वेळी सर्वांत कमी आकडा सांगणारा साक्षीदार तूर्त खरा धरून जवळच्या धावपट्टीवर उतरावे, टाकीचे झाकण उघडावे आणि पट्टी बुडवून पाहावी. शंका खोटी ठरली, तर अर्धा तास वाया गेला एवढेच होईल. आणि उरलेला प्रवास खात्रीच्या हिशेबावर करता येईल.