'सर्वानुमते' म्हणजे नेमके किती जण?



आज एका शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या घराच्या कागदपत्रांत तो केव्हाच येऊन बसला आहे. तो शब्द म्हणजे 'युनॅनिमस'. मराठीत आपण 'एकमताचा' किंवा 'सर्वानुमते' म्हणतो. कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीचे सभेचे इतिवृत्त, म्हणजे मिनिट्सचे पुस्तक, उघडून पाहा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक आणि शेवटी ठरलेले वाक्य: 'द रेझोल्युशन वॉज पास्ड युनॅनिमसली.' टाकी धुण्याचा ठराव असो की इमारत पाडण्याचा, शेपूट तेच.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा शब्द जरा जास्तच भेटतो, आणि त्याला कारण आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. पत्ता सांगताना लोक अजूनही 'कॅम्प नंबर चार' असे सांगतात. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि इतर कारखान्यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतली माणसे येऊन राहिली. बदलापूरला मुंबईतल्या चाळींतून आणि डोंबिवलीहून कुटुंबे सरकत आली. एकाच जिन्यावर सिंधी, मराठी, गुजराती, तमिळ अशी घरे. सभा चालते हिंदी-मराठीत. मात्र लिहायची वेळ आली की पुष्कळ ठिकाणी सेक्रेटरी इंग्रजीचा आधार घेतात. मग जुन्या पुस्तकातले वाक्य नव्या पानावर उतरते. बोललेले एका भाषेत आणि लिहिलेले दुसऱ्या भाषेत, या दोहोंच्या फटीत कधी कधी माणूसच हरवतो.

आधी शब्दाची ओळख करून घेऊ. लॅटिनमध्ये 'ऊनुस' म्हणजे एक आणि 'आनिमुस' म्हणजे मन. या दोहोंपासून तो झाला. म्हणजे आपल्या 'एकमता'चा जवळचा नातेवाईकच. सुरुवातीचा 'युन' पाहून काहींना तो नकार वाटतो, तसे नाही. त्याच्याशी ध्वनीने जुळणारा 'अ‍ॅनॉनिमस' हा शब्द मात्र वेगळा. त्याचा अर्थ निनावी. ठराव 'अ‍ॅनॉनिमसली' मंजूर झाला असे लिहिलेत, तर तो कोणी मंजूर केला हेच कळायचे नाही!

लिहिताना आणखी एक अडचण येते. या शब्दाआधी 'अ' लावायचे की 'अ‍ॅन'? इंग्रजी स्पेलिंग स्वराने सुरू होते, म्हणून बरेच जण 'अ‍ॅन' लावतात. आपल्यापाशी सोपी युक्ती आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहा. पहिले अक्षर 'यु', म्हणजे य हे व्यंजन. म्हणून 'अ युनॅनिमस डिसिजन', जसे 'अ युनिव्हर्सिटी'. उलट 'अंब्रेला' स्वराने सुरू होतो, म्हणून 'अ‍ॅन अंब्रेला'. निर्णय युनॅनिमस असू शकतो, तसेच सभासदही युनॅनिमस असू शकतात. दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत.

व्याकरण इथे संपते. खरी गोम पुढे आहे, ती मोजणीत. हा शब्द सौजन्याचा नव्हे, हिशेबाचा आहे. मत देणाऱ्या सगळ्यांनी 'हो' म्हटले तरच तो वापरायचा. एक जण 'नाही' म्हणाला की तो गेला. उरले ते बहुमत, मग ते कितीही मोठे असो. तरीही 'सर्वानुमते बहुमताने मंजूर' असली वाक्ये मी अनेक इतिवृत्तांत वाचली आहेत. ही दोन्ही एका वेळी खरी असू शकत नाहीत.

आणि जो गप्प बसला त्याचे काय? त्यासाठी आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे: 'बिनविरोध'. विरोध कोणी केला नाही एवढेच तो सांगतो. सर्वांनी होकार दिला असे म्हणत नाही. ब्रिटिश संसदेच्या परिभाषेतही यासाठी निराळा लॅटिन प्रयोग आहे, 'नेम. कॉन.', म्हणजे कोणीही विरोधात न बोलता. तेव्हा तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. सगळे हो म्हणाले तर सर्वानुमते. काही हो म्हणाले, काही तटस्थ राहिले, पण विरोधात कोणी नाही, तर बिनविरोध. विरोधही झाला, तर बहुमताने.

हा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक जुना दाखला देतो. २ जुलै १७७६ रोजी अमेरिकेतल्या वसाहतींनी स्वातंत्र्याच्या ठरावावर मत दिले. तेरापैकी बारा वसाहती बाजूने होत्या. विरोधात कोणीच नव्हते, पण न्यूयॉर्कचे प्रतिनिधी तटस्थ राहिले, कारण त्यांना घरून तशी परवानगी आलेली नव्हती. ४ जुलैला जाहीरनामा संमत झाला, छापला गेला, पण त्या पहिल्या छापील प्रतीच्या शीर्षकात 'युनॅनिमस' हा शब्द नाही. ९ जुलैला न्यूयॉर्कने होकार दिला, तो काँग्रेसपर्यंत पोहोचला आणि १९ जुलैला ठरले की जाहीरनाम्याच्या सुबक हस्तलिखित प्रतीवर 'तेरा राज्यांचा युनॅनिमस जाहीरनामा' असे शीर्षक घालावे. इंग्लंडच्या राजाशी युद्ध चालू असतानाही एका विशेषणासाठी ती मंडळी एका होकाराची वाट पाहत थांबली.

एकमत म्हणजे एकसारखे बोलणे, असेही मात्र नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. निकालपत्रे मात्र सहा होती. कारणे आपापली, निष्कर्ष एक. तेव्हा सभेत चर्चा झाली, खटके उडाले, म्हणून 'सर्वानुमते' लिहिता येत नाही असे नव्हे. शेवटी हात किती वर झाले, ते पाहायचे.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी इमारती आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. पुनर्विकास ही चैन उरलेली नाही, गरज आहे. त्यासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती सांगितली. म्हणजे चाळीस सभासदांच्या सोसायटीत एकवीस. कायदा शंभर टक्के मागतच नाही! मग 'युनॅनिमसली' लिहिण्याची घाई कशाला?

माझ्या माहितीतल्या एका सोसायटीत एकट्या राहणाऱ्या काकू सभेला होत्या. 'बांधकाम लांबलं तर भाडं कोण देणार?' एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर मिळाले नाही. त्यांनी हात वर केला नाही. इतिवृत्तात आले, 'पास्ड युनॅनिमसली'. पुढे त्यांनी तोच प्रश्न पुन्हा काढला तेव्हा एक जण म्हणाला, 'काकू, तुम्ही तर होतात की सभेला. सगळ्यांची संमती होती.' काकू म्हणाल्या, 'होते रे बाबा, पण हो कुठे म्हटलं मी?' त्यांच्या बोलण्याला कागदाचा आधार नव्हता. त्यांचा प्रश्न खोडला गेला नव्हता, तो विचारलाच गेला नव्हता असे झाले होते.

असे लिहिणारे बहुतेक जण वाईट हेतूने लिहीत नाहीत. सोसायटीत भांडण दिसू नये, एवढाच विचार असतो. पण असे लिहून भांडण मिटत नाही, ते कोर्टाच्या पायरीपर्यंत पुढे ढकलले जाते. शिवाय असा कागद खऱ्या बहुमतालाही दुबळा करतो. एका ओळीत खोट सापडली, की बाकीच्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?

त्यावर उपाय अगदी साधा आहे. सेक्रेटरींनी हात मोजावेत आणि आकडे लिहावेत: 'उपस्थित ३०, बाजूने २६, विरोधात २, तटस्थ २, ठराव बहुमताने मंजूर.' इंग्रजीत 'पास्ड बाय मेजॉरिटी' लिहावे. त्यात कमीपणा काही नाही. ज्यांचा विरोध आहे त्यांनी कुरकुरत घरी न जाता, 'माझा विरोध नोंदवा' असे सभेतच सांगावे. आणि पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय येतो, तेव्हा आपण चहाकडे बघत असतो. तसे करू नये. चुकीचा शब्द दुरुस्त करून घेण्याची ती हक्काची वेळ असते.

आणि एखाद्या ठरावाला खरोखरच तीसच्या तीस हात वर झाले, तर 'सर्वानुमते' जरूर लिहावे, इंग्रजीत 'युनॅनिमसली' लिहावे. तेव्हा त्या शब्दाला वजन असेल, कारण एरवी तो उगाच खर्च केलेला नसेल.